जुन्या मोटारीचे ब्रेक ऑइल : निवड व खबरदारी

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी वडिलांच्या हयातीतील अँबॅसडर किंवा फियाट अजून मोठ्या मायेने सांभाळलेली आहे. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पद्मिनीचे त्याच्याही आधी. अशा गाडीचा रंग, गाद्या, इंजिन यांकडे मालकाचे बारीक लक्ष असते; परंतु ब्रेकच्या डब्यात काय आहे व ते केव्हा घातले, हे विचारल्यास बहुधा उत्तर मिळत नाही.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. आपण ज्यास ब्रेक ऑइल म्हणतो ते इंजिनातील तेलासारखे तेल नव्हे. हल्लीचा नेहमीचा द्रव ग्लायकॉल जातीच्या रसायनांचा असतो. पायाने पॅडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील द्रवावर दाब पडतो व नळ्यांवाटे तो चारही चाकांच्या सिलिंडरांपर्यंत पोहोचतो. द्रव जवळजवळ आकसत नाही, म्हणूनच ब्रेक लागतो.

या द्रवाचा एक स्वभावदोष आहे : तो हवेतील ओलावा शोषतो. डॉट ३ या प्रतीचा कोरा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतो. पाणी मुरल्यावर प्रमाणाप्रमाणे ही मर्यादा १४० अंश धरली आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. आता भरलेली गाडी चोर्ला किंवा आंबोली घाट उतरत आहे, पाय सतत ब्रेकवर आहे, ड्रम तापले आहेत, अशी कल्पना करा. जुना ओलसर द्रव उकळतो, त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली असता आकसते. पॅडल थेट तळाला जाते व गाडी थांबत नाही. म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा, आणि गाडी वर्षभर उभी असली तरी दर दोन वर्षांनी हा द्रव पूर्ण बदलावा.

निवड करताना गाडीच्या पुस्तिकेतील सूचना प्रमाण मानावी. अशा गाड्यांस सामान्यतः ग्लायकॉलचा डॉट ३ किंवा डॉट ४ चालतो. डॉट ५ मात्र सिलिकोनचा असतो; तो ग्लायकॉलमध्ये कधीही मिसळू नये. उलट डॉट ५.१ हा आकड्याने जवळचा असला तरी ग्लायकॉलच आहे. सिलिकोन रंग खात नाही व पाणी शोषत नाही. पण आत शिरलेले पाणी तळाशी साचून सिलिंडर गंजवते. तो घालावयाचाच असेल तर सर्व नळ्या धुऊन व रबरे नवी बसवूनच घालावा.

इंजिन ऑइल ब्रेकच्या डब्यात चुकूनही घालू नये. त्याने रबरी वॉशर फुगतात व ब्रेक निकामी होतात. तेलाचे नरसाळेही वापरू नये. तसे घडल्यास गाडी जागची हलवू नये. सर्व रबरे बदलून घ्यावी.

बदलताना सीलबंद डबा आणावा. उघडा राहिलेला जुना डबा, किंवा हवा काढताना निपलमधून निघालेला द्रव पुन्हा वापरू नये. हवा काढीत असता वरचा डबा रिकामा होऊ देऊ नये, नाहीतर हवा पुन्हा आत शिरते. काम संपल्यावर पॅडल कडक लागते का ते पाहून, प्रथम मोकळ्या जागी अगदी हळू गाडी चालवून ब्रेकची परीक्षा करावी. पॅडल मऊ वाटल्यास रस्त्यावर जाऊ नये.

ग्लायकॉलचा द्रव गाडीचा रंग उतरवतो; सांडल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावा. डोळ्यांत उडाल्यास पंधरा मिनिटे पाण्याची धार धरून डॉक्टरांस दाखवावे. तापलेल्या सायलेन्सरवर पडल्यास तो पेट घेऊ शकतो; ब्लीचिंग पावडरीपासूनही तो दूर ठेवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो विषारी आहे. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत तो कधीही भरू नये. मूळ डब्यातच, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा. चुकून पोटात गेल्यास तत्काळ दवाखाना गाठावा. वापरलेला द्रव गटारात न ओतता गॅरेजकडे सोपवावा.

द्रव बदलल्याची तारीख व त्याची प्रत एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटखाली लावावी. गाडी उद्या मुलाच्या हाती गेली वा मेस्त्री बदलला, तरी डब्यात काय आहे हे त्यास विचारावे लागणार नाही.