बॉनेटची बिजागरी आणि एकटा माणूस

ॲम्बेसेडर अजून दारात उभी आहे, अशी घरे आपल्या शहरात मोजकीच उरली. एके काळी कलेक्टर कचेरीपासून रेल्वे स्टेशनच्या टॅक्सी स्टँडपर्यंत हीच गाडी दिसायची. वेरूळचे तीस आणि अजिंठ्याचे शंभर किलोमीटर कितीतरी पाहुण्यांनी हिच्याच मागच्या सीटवर बसून पार केले. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ही गाडी १९५०च्या दशकाच्या अखेरीस बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघू लागली. मे २०१४मध्ये तिथले काम थांबले. म्हणजे सगळ्यात धाकटी ॲम्बेसेडरसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढे गेली आहे.

या गाड्या असलेल्या घरांत हल्ली एक गोष्ट सारखीच दिसते. गाडी अब्बांची असते, अब्बा निवृत्त असतात आणि मुले पुण्याला नाहीतर आखातात. ज्यांच्या हाताला ही गाडी ओळखीची होती ते मिस्त्री थकले. त्यांची मुले नव्या गाड्यांचे संगणक तपासतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. पण गाडी तर चालवायची आहे. अम्मीला दवाखान्यात न्यायचे आहे, लग्नाला जालन्यापर्यंत जायचे आहे. मग जे काम पूर्वी दोन पोरांना हाक मारून व्हायचे ते एकट्याने कसे करावे, हा प्रश्न उरतो. त्यातलेच एक काम बॉनेटच्या बिजागरीचे.

बिजागरी झिजली तर काय बिघडते, असे कोणालाही वाटेल. हिचे बॉनेट पुढून उघडते, बिजागऱ्या मागे काचेजवळ. बिजागरीची पिन आणि तिचे भोक झिजले की बॉनेट एका बाजूला सरकते. मग पुढचे कुलूप नीट पकडत नाही. खड्ड्यात धक्का बसला आणि कुलूप सुटले, तर सेफ्टी कॅच एवढाच आधार राहतो. तोही जुनाच असतो. भर वेगात बॉनेट उघडले की वारा ते उचलून थेट काचेवर आदळतो आणि चालकाला समोरचे काही दिसत नाही. जालना रोडवर मागे ट्रक असताना याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. इंजिनच्या आवाजाकडे लक्ष देणारी माणसे या दोन लोखंडी तुकड्यांकडे पाहत नाहीत, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

तपासणी सोपी आहे. बॉनेट अर्धे उघडा, मागचा कोपरा हातात धरा आणि वर-खाली हलवा. कटकट असा आवाज आला, पिन भोकात नाचताना दिसली, तर बिजागरी गेली. बंद बॉनेटची डावी-उजवी फट वेगळी दिसणे, काचेखालच्या पत्र्यावर रंग घासलेला असणे, ही त्याचीच लक्षणे.

नवी जोडी मिळेलच असे नाही. मुंबईच्या कुर्ल्यात आणि चोर बाजारात जुन्या गाड्यांचे भाग निघतात. आपल्याकडे भंगारवाल्यांकडे चौकशी करावी, पण तिथून घेताना पिन हलवून पाहावी. नाहीतर आपल्यासारखीच झिजलेली बिजागरी पैसे देऊन घरी यायची. दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्या एकदमच बदलाव्यात. एक नवी आणि एक जुनी ठेवली तर बॉनेट तिरकेच राहते.

आता पान्यांविषयी. जुन्या ॲम्बेसेडरचे नटबोल्ट इंचाच्या मापाचे असतात. सात-सोळांश इंच म्हणजे ११.११ मिलिमीटर, त्यामुळे ११चा पाना कसाबसा बसतो. अर्धा इंच म्हणजे १२.७, त्यावर १३चा पाना सैल पडतो आणि गंजलेल्या बोल्टचे डोके गोल करून टाकतो. डोके गोल झाले की पुढे छिन्नी आणि वेल्डिंग. म्हणून इंची रिंग पाने उसने तरी आणावेत. आदल्या रात्री प्रत्येक बोल्टवर गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे, घाई करू नये.

एकट्या माणसासाठी सगळी युक्ती एका वाक्यात आहे: बॉनेट उतरवायचेच नाही. मोठे बॉनेट उचलून बाजूला ठेवायला दोन माणसे लागतात. बिजागरी बदलायला मात्र ते जागेवर राहिले तरी चालते, अट एवढीच की एका वेळी एकच बाजू सोडावी. आम्ही हे अंगणात केले ते असे. बॉनेट पूर्ण उघडून पुढच्या दोन्ही कोपऱ्यांखाली लाकडी टेकू लावले. त्यांच्या टोकांना जुन्या चपलेचे रबर ठोकले होते, म्हणजे घसरत नाही. गाडीच्या स्वतःच्या टेकूवर विसंबलो नाही. वर छताच्या कडीतून दोरी टाकून बॉनेट तिलाही बांधले. काचेखालच्या पत्र्यावर गोधडी, आणि मागच्या कोपऱ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, कारण बोल्ट निघताच कोपरा तिथेच खाली बसतो.

बोल्टला हात लावण्याआधी जुन्या बिजागरीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारावी, पत्र्यावरही आणि बॉनेटच्या आतूनही. या रेघेने अर्धा दिवस वाचतो. खाली पातळ पत्र्याचे पॅकिंग असेल तर ते कोणत्या बोल्टखालचे होते ते कागदावर लिहून ठेवावे. मग एक बाजू सोडावी, नवी बिजागरी रेघेत बसवावी, बोल्ट हाताने घट्ट होतील एवढेच फिरवावेत. त्यानंतरच दुसरी बाजू.

खरा वेळ जातो तो जुळवणीत. टेकू काढून, दोरी सोडून बॉनेट हळू खाली आणावे, पण कुलपात दाबू नये. आधी दोन्ही फटी पाहाव्यात. बॉनेट डावीकडे गेले असेल तर लांबट भोकांत बोल्ट थोडे सरकवावेत; मागची बाजू खाली बसली असेल तर पॅकिंग घालावे. दोन-तीनदा उघड-मिट करावी लागते. फटी सारख्या दिसल्या की बोल्ट पूर्ण आवळावेत. मग कुलपाची खिट्टी बरोबर मध्ये पडते का ते पाहावे, आणि शेवटी कुलूप सोडून फक्त सेफ्टी कॅचवर बॉनेट वर ओढून बघावे. ते धरत नसेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नये.

हे काम वाऱ्याच्या दिवशी करू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारचे वावटळ उघडे बॉनेट सहज मुरगाळते, आणि अकरानंतर पत्र्याला हात लावणेही कठीण. फजरनंतर सुरुवात केली तर जोहरच्या आत उरकते. घरात कोणी नसेल तर शेजाऱ्यांना निदान सांगून ठेवावे.

काढलेल्या बिजागऱ्या भंगारात देऊ नका. पिन ठोकून काढायची, लेथवाल्याकडून भोक गोल करून पितळी बुश बसवून घ्यायचे आणि त्या मापाची पिन करून घ्यायची. एमआयडीसीमुळे आपल्या शहरात लेथवाल्यांची वाण नाही, आणि हे काम त्यांच्या दृष्टीने किरकोळ असते. थोडे ग्रीस लावून ती जोडी कापडात गुंडाळून डिकीत ठेवा. पुढच्या वेळी कुर्ल्यापर्यंत जावे लागणार नाही.