निरभ्र रात्र आणि थंडीचा इशारा

पौषांत देवगांव फाट्यावर रात्रीं उतरणाऱ्या प्रवाशास आकाश चांदण्यांनीं फुललेलें दिसतें; पण घरांत तान्हें मूल अथवा वृद्ध माणूस असेल, तर त्या शोभेस भुलूं नये, असें आमचें मत आहे. मेघ हें पृथ्वीचें पांघरूण होय. दिवसां तापलेली जमीन रात्रीं उष्णता बाहेर टाकते. मेघ असले तर तिच्यांतील बरीच परत फिरते, नसले तर निघून जाते. परभणीकडचा प्रदेश समुद्रापासून दूर, हवा कोरडी. त्यांत उत्तरेचा वारा सुटला कीं पहांटे पारा झपाट्यानें उतरतो.

मेघांस नांवें देण्याची आजची पद्धत लंडनच्या ल्यूक हॉवर्ड नामक औषधविक्रेत्यानें १८०२ सालीं घातली. पिसासारखा तंतुमेघ उंच व विरळ. त्याचें पांघरूण तोकडें. कापसाच्या ढिगासारखा राशिमेघ दुपारीं वाढतो, पण बहुधा सायंकाळीं विरतो. खालीं सपाट पसरलेला स्तरमेघ मात्र ऊब राखतो.

मैदानी भागांत किमान तपमान १० अंश वा त्याहून कमी होऊन सरासरीच्या ४.५ अंश खालीं गेलें, अथवा ४ अंशांवर आलें, म्हणजे हवामान खातें थंडीची लाट मानतें. पिवळा इशारा लक्ष ठेवण्याचा, नारिंगी सज्ज होण्याचा, तांबडा तत्काळ कृतीचा. इशारा कळतांच कित्येक घरीं दारें-खिडक्या लावून शेगडी पेटवितात. हें घातक होय! कोळशाच्या विषारी वायूस ना रंग, ना वास. निजण्यापूर्वीं शेगडी अंगणांत न्यावी, आणि एका जाड रजईऐवजीं गोधडीवर गोधडी घालावी. मधली हवाच ऊब धरते.