स्टेशनपासून पाच मिनिटे

२०१२ साली आम्ही दादरची चाळीतली जागा सोडून उपनगरापलीकडच्या एका मोठ्या गृहसंकुलात राहायला गेलो. जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ असे छापले होते, आणि ते अगदीच खोटे वाटत नव्हते. सातव्या मजल्यावरच्या खिडकीतून लोकल दिसत असे, वारा इकडचा असला तर फलाटावरची घोषणाही ऐकू येई. खोल्या मोठ्या, उजेड भरपूर, लिफ्ट, बाग. वर्षभराने लक्षात आले, की आई घराबाहेर पडेनाशी झाली आहे. दादरला ती रोज पायी भाजीला जाई, गुरुवारी फुले आणी, मावशीकडे चक्कर मारी, कधी शिवाजी मंदिरात दुपारचे नाटक पाही. इथे कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा ती माझी नाहीतर रिक्षाची वाट पाहू लागली.

आम्ही ते वयावर ढकलले. मग एका रविवारी मी घर ते स्टेशन हे अंतर पावलांनी मोजले. खिडकीतून सरळ रेषेत जेमतेम तीनशे मीटरवर असलेले स्टेशन चालत गेल्यावर ११५० मीटर निघाले. संकुलाला उंच कुंपणभिंत होती आणि फाटक एकच. तेही स्टेशनच्या विरुद्ध बाजूला, मोटारींच्या सोयीसाठी हमरस्त्यावर.

मी भौतिकशास्त्रातला संशोधक. शहररचना हा माझा विषय नव्हे. पण त्या भिंतीमुळे मी त्यात शिरलो, आणि एक गोष्ट पाहून चकित झालो. रेल्वे, बस, मेट्रो यांचे यशापयश बरेचसे ज्या गणितावर ठरते, ते आठवी-नववीच्या भूमितीपलीकडचे नाही. म्हणूनच ते शिक्षकांपुढे मांडावेसे वाटते.

दहा मिनिटांचे वर्तुळ

लोकलने किंवा बसने जाणारा प्रत्येक माणूस प्रवासाच्या दोन्ही टोकांना पादचारी असतो. सर्वसाधारण माणूस मिनिटाला सुमारे ८० मीटर चालतो. रोजच्या कामासाठी दहा मिनिटे चालायला बहुतेकांची हरकत नसते. त्यापुढे मात्र रिक्षा किंवा स्वतःचे वाहन आठवू लागते. तेव्हा स्टेशनाभोवती ८०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढू. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २०१ हेक्टर भरते. एवढी जमीन त्या स्टेशनाच्या ‘पायाखाली’ आली.

निदान कागदावर तरी. माणूस काही कावळ्यासारखा सरळ उडत जात नाही, तो रस्त्याने जातो. रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे काटकोनात असतील, तर आधी पूर्वेला, मग उत्तरेला असे वळत जावे लागते. अशा रस्त्यांवरून ८०० मीटरमध्ये जिथवर पोचता येते ते सारे बिंदू जोडले, तर वर्तुळ न मिळता टोकावर उभा केलेला चौरस मिळतो. त्याचा प्रत्येक कर्ण १६०० मीटर, म्हणून क्षेत्रफळ १६०० × १६०० ÷ २, म्हणजे १२८ हेक्टर. वर्तुळाच्या ६४ टक्केच. आणि हे आदर्श, गल्लीबोळांनी भरलेल्या वस्तीत. जिथे मोठमोठी संकुले एकेका फाटकाने रस्त्याला जोडलेली असतात, तिथे हा आकडा आणखी किती खाली जातो, ते आमच्या ११५० मीटरवरून कळेल.

आता स्टेशनाला लागूनच एक रुंद, वाहता रस्ता आहे असे धरू. तो ओलांडायला सिग्नलपाशी तीन मिनिटे थांबावे लागते. तीन मिनिटे म्हणजे काय मोठे, असे आपण म्हणू. पण पलीकडच्या बाजूसाठी दहातली सातच मिनिटे उरली. अंतर ८०० वरून ५६० मीटरवर आले. क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ०.७ चा वर्ग ०.४९. म्हणजे त्या तीन मिनिटांनी रस्त्यापलीकडची निम्म्याहून अधिक जमीन स्टेशनापासून तोडली! वाहनांचा वेग वाढावा म्हणून रस्ता रुंद केला, की पादचाऱ्यांच्या खात्यातून काय वजा होते ते या वर्गात दडलेले असते.

हाच हिशोब माझ्या आईसाठी करू. ती मिनिटाला ५० मीटर चालते. दहा मिनिटांत ५०० मीटर. तिचा चौरस १२८ हेक्टरांचा नव्हे, ५० हेक्टरांचा. गुडघे दुखणारा माणूस, कडेवर मूल असलेली बाई, दप्तर घेतलेले पहिलीतले पोर या सगळ्यांचे शहर आपल्या शहरापेक्षा निम्म्याहूनही लहान असते. त्यांच्या शहरात भाजी, शाळा, दवाखाना आणि बसथांबा बसतो की नाही, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही, कारण आपण भरभर चालतो किंवा स्कूटर काढतो.

वर्गात करण्याजोगा प्रयोग: शाळेच्या परिसराचा मोठा नकाशा घ्या. प्रमाणानुसार ८०० मीटर भरेल एवढा दोरा कापा, एक टोक शाळेपाशी टाचणीने रोवा आणि दोरा रस्त्यारस्त्यांवरून फिरवत जिथे संपतो तिथे ठिपका द्या. कंपासने वर्तुळही काढा. ठिपके जोडून मिळालेला वेडावाकडा आकार आणि वर्तुळ यांची क्षेत्रफळे आलेख कागदावरचे चौकोन मोजून काढता येतात. मग मुलांनी तो आकार प्रत्यक्ष चालून तपासावा. फूटपाथ कुठे संपतो, कुठे खोदून ठेवला आहे, कुठे नाला आडवा येतो, हे नकाशात नसते.

लोक, दुकाने आणि बसची वाट

त्या १२८ हेक्टरांत किती माणसे राहतात, यावर पुढचे सारे अवलंबून. एका ठिकाणी हेक्टरी २५ माणसे आहेत, म्हणजे एकूण ३२००. गर्दीच्या तासात विसातला एकजण बसने जातो असे मानू. १६० प्रवासी झाले. एका बसमध्ये ६० माणसे धरली तर तासाला तीन बस पुरतात, म्हणजे दर वीस मिनिटांनी एक. वेळापत्रक न पाहता थांब्यावर येणाऱ्याला सरासरी दहा मिनिटे ताटकळावे लागते. दुसऱ्या ठिकाणी हेक्टरी २०० माणसे आहेत. प्रवासी १२८०, बस तासाला २१ किंवा २२, सरासरी वाट दीड मिनिटापेक्षाही कमी.

दोन्हीकडे बस सारख्याच भरलेल्या, प्रत्येक प्रवाशामागचा खर्चही तोच. पण एकीकडे वाट दहा मिनिटे, दुसरीकडे दीड. गंमत पुढेच आहे. दीड मिनिटात बस मिळते म्हटल्यावर आणखी लोक बसने येतात, बस वाढतात, वाट आणखी कमी होते. दहा मिनिटे थांबणारे मात्र हळूहळू दुचाकी घेतात, प्रवासी घटतात आणि फेऱ्या कमी होतात. रस्त्यावर मोटारींचे उलटे असते, जितके जास्त लोक तितकी प्रत्येकाची गती मंद. हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली बसवाहतुकीतला हा परिणाम गणिताने मांडला, आणि तो त्याच्याच नावाने ओळखला जातो.

पण नुसती माणसे दाटीने ठेवून भागत नाही. सगळी घरे एकीकडे आणि सगळी कार्यालये दुसरीकडे असली, तर सकाळची गाडी जाताना चेंगरून जाते आणि येताना मोकळी येते. संध्याकाळी उलट. गाडी, चालक, वीज सगळे दोन्ही वेळा लागतेच. उपयोग एकाच दिशेला. मुंबईच्या लोकलने वर्षानुवर्षे हेच केले. घर, कचेरी, शाळा, बाजार जागोजागी मिसळलेले असले तर त्याच गाड्या दोन्ही दिशांना भरतात.

मिश्र वापराचा दुसरा फायदा मला दादरला कळायला हवा होता, पण जे रोज समोर असते ते दिसत नाही. संध्याकाळी कामावरून आलेली बाई स्टेशनातून उतरते, पुलाखाली भाजी घेते, वाटेत औषध घेते, शिकवणीवरून मुलाला बरोबर घेते आणि घरी पोचते. चार कामे, पण प्रवास एकच. हीच चार कामे चार दिशांना असली की चार प्रवास होतात. त्यांना वाहन लागते, आणि ज्याला वाहन चालवता येत नाही त्याला दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते. वांद्रे-कुर्ला संकुलाकडे पाहा. हजारो लोकांची कार्यालये तिथे आली, पण वांद्रे आणि कुर्ला ही दोन्ही स्टेशने चालण्याच्या टप्प्याबाहेर. रिक्षाच्या आणि शेअर टॅक्सीच्या रांगा हे तिथले रोजचे दृश्य झाले. भुयारी मेट्रो तिथे पोचली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. आधी इमारती आणि मग गाडी, हा आपला नेहमीचा क्रम.

कुरितिबाने क्रम उलटा केला

दक्षिण ब्राझीलमधल्या कुरितिबा या शहराने मात्र दोन्हींची आखणी एकत्र केली. १९६६ मध्ये तिथे नवा आराखडा मंजूर झाला. शहर चहूकडे पसरू न देता काही ठरावीक मार्गांच्या दोन्ही बाजूंना, बोटांसारखे, वाढू द्यायचे ही त्याची मूळ कल्पना. जैमे लेर्नर हा वास्तुरचनाकार १९७१ मध्ये महापौर झाला आणि अंमलबजावणीला जोर आला. १९७२ मध्ये त्याने शहराच्या मध्यावरचा एक मुख्य रस्ता वाहनांना बंद करून पायी चालणाऱ्यांना दिला. दुकानदारांचा विरोध होणार हे माहीत असल्याने शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू केले आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत उरकले! धंदा बसेल म्हणून ओरडणाऱ्या दुकानदारांचा धंदा बसला नाही, कारण मोटार काही खरेदी करत नाही, चालणारा माणूस करतो.

१९७४ मध्ये बोटांवरच्या जलद बस सुरू झाल्या. प्रत्येक बोटाच्या मधल्या रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका, तिच्या दोन्ही अंगांना सावकाश वाहतूक, आणि एकेक गल्ली सोडून समांतर जाणारे एकदिशा रस्ते वेगवान मोटारींसाठी. उंच इमारतींना परवानगी या पट्ट्यातच, खालच्या मजल्यांवर दुकाने आणि कचेऱ्या, वर घरे. मार्गापासून दूर जावे तसतशी इमारतींची उंची उतरत जाते. १९९१ पासून नळीच्या आकाराचे थांबे आले. तिथे तिकीट आधीच काढलेले असते आणि थांब्याची जमीन बसच्या पातळीत असते, त्यामुळे चढणे-उतरणे रेल्वेसारखे झटपट होते. भुयारी रेल्वेच्या मानाने हे सारे फार स्वस्तात झाले. पुढच्या काळात तिथेही मोटारी खूप वाढल्या आणि बसचे प्रवासी घटले, हे सांगायला हवे. आराखडा एकदा केला की कायमचा पुरत नाही. तरी विमानातून पाहिले तर बसचा मार्ग इमारतींच्या उंचीवरून ओळखता येतो, अशी शहरे जगात थोडी आहेत.

दाटी म्हणजे कोंदटपणा नव्हे

दाट वस्ती म्हटले की आपल्याकडे लोक नाक मुरडतात, आणि त्याला कारण आहे. गिरणगावात कामगार चाळीतून गिरणीत पायी जात, खानावळ, शाळा, भजनी मंडळ सारे हाकेच्या अंतरावर. पण एका खोलीत दहा-दहा माणसे झोपत. १८९६ च्या प्लेगने कोंदट खोल्या आणि तुंबलेली गटारे यांचे मोल दाखवले. त्यानंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. दादर-माटुंग्याच्या वसाहती त्याने आखल्या. तीन-चार मजली घरे, मधे हवा, झाडांचे रस्ते, मैदाने, आणि सगळे स्टेशनपासून चालण्याच्या टप्प्यात. हेक्टरी माणसे आणि खोलीतली माणसे ही दोन वेगळी मापे आहेत. पहिले वाढवतानाही दुसरे कमी ठेवता येते.

२०१७ मध्ये केंद्र सरकारने स्थानकाभोवतीच्या विकासाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. पुण्यातही मेट्रो स्थानकांभोवती ५०० मीटरच्या आत जास्त चटई क्षेत्र देण्याचे धोरण आले. दिशा योग्य आहे. पण हे ५०० मीटर कंपासने मोजलेले असतात, दोऱ्याने नव्हे. आणि वाढीव मजल्यांखाली तीन-तीन मजले वाहनतळाचे उभे राहिले, तर मेट्रोशेजारी आपण मोटारच वसवली असे होईल. एक मोटार उभी करायला, वळायच्या जागेसह, सुमारे २५ चौरस मीटर लागतात. मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत सुरुवातीला एका कुटुंबाला मिळणारे घर २२५ चौरस फुटांचे होते, म्हणजे २१ चौरस मीटर!

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. स्टेशनजवळच्या जागेला मोल आले, की तिथून आधी तेच उठतात ज्यांना स्टेशनची सर्वांत जास्त गरज असते. गिरणगावातली कितीतरी कुटुंबे अशीच डोंबिवली-विरारकडे गेली. लहान आणि परवडणारी घरे त्या दहा मिनिटांत राखून ठेवल्याशिवाय हा सगळा फायदा मोजक्यांच्याच पदरात पडेल, आणि ते बहुधा मोटारीनेच जातील.

आमच्या संकुलाची गोष्ट राहिली. मी सभेत नकाशा, दोरा आणि वर्गाचे गणित घेऊन गेलो. आक्षेप आले: चोऱ्या होतील, फेरीवाले बसतील, पहारेकऱ्याचा पगार कोण देणार? दोन वर्षे गेली. शेवटी स्टेशनच्या बाजूच्या भिंतीत एक माणूस जाईल एवढे दार पाडले. घर ते स्टेशन अंतर आता ३५० मीटर. आईला २३ मिनिटे लागत होती, आता सात लागतात. दाराबाहेर एक भाजीवाली बसू लागली आहे, तिच्याशेजारी एक फुलवाला. पहारेकऱ्याच्या पगाराचे पैसे दर महिन्याला घरटी वाटून घेतो. दार सकाळी सहाला उघडते आणि रात्री दहाला बंद होते. शेवटच्या लोकलने येणारे अजून लांबचाच वळसा घालतात, आणि पुढच्या सभेत तो विषय मी पुन्हा मांडणार आहे.