शरीरक्रियाविज्ञानातील डॉक्टरेट
सजीवांच्या शरीरातील क्रियांविषयी मौलिक संशोधन करून सादर केलेला प्रबंध मान्य झाल्यावर विद्यापीठाकडून दिली जाणारी संशोधन पदवी. वैद्यकाच्या पदवीप्रमाणे तिने रुग्णचिकित्सेचा अधिकार मिळत नाही. या विषयाचे शिक्षण प्रयोगशाळेत आणण्यात लाइपसिक येथील कार्ल लूटव्हिख (१८१६–९५) यांचा वाटा मोठा होता. अमेरिकेत बॉल्टिमोर येथे १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री न्यूएल मार्टिन (१८४८–९६) यांनी ही पद्धत रुजविली. सस्तन प्राण्याचे हृदय अलग करून कार्यरत ठेवण्याचे त्यांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्यांचे विद्यार्थी विल्यम हेन्री हॉवेल (१८६०–१९४५) यांना १८८४ मध्ये डॉक्टरेट मिळाली. रक्त गोठताना तयार होणाऱ्या फायब्रिनाचा उगम हा त्यांचा प्रबंधविषय होता. प्रबंधविषय पदवीपुरता असतो, हा समज त्यांच्या बाबतीत तरी खरा ठरला नाही. १९१६ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत जे मक्लीन हे वैद्यकाचे विद्यार्थी रक्त गोठविणाऱ्या पदार्थाचा शोध घेत होते. त्यांना आढळला तो गोठण रोखणारा. यकृतापासून मिळविलेल्या अशा पदार्थास हॉवेल यांनी १९१८ मध्ये हेपारीन हे नाव दिले. हृदयावरील शस्त्रक्रियांत व कृत्रिम मूत्रपिंडात रक्त प्रवाही ठेवण्यासाठी हेपारीन वापरतात.