मोन्त सांतुवरचे ओसाड चर्च आणि जॉर्जियाची राणी

जुन्या गोव्याला जाणारा मराठी माणूस सहसा दोन वास्तू पाहून परततो. बॉम जेजूमध्ये संत झेवियरचे शव, समोर से कॅथेड्रल, मग शहाळे आणि परतीची बस. या दोहोंच्या पश्चिमेला एक चढण आहे, तिथवर फार थोडे जातात. चढण अवघड नाही, दहा-पंधरा मिनिटांची. पोर्तुगीजांनी त्या टेकडीला ‘मोन्त सांतु’ म्हणजे पवित्र टेकडी असे नाव दिले होते. वर पोचल्यावर चर्च दिसत नाही, दिसतो तो जांभ्या दगडाचा एकच उंच, अर्धवट तुटलेला मनोरा. संत ऑगस्टिनच्या चर्चचे जे उरले आहे त्यातले सर्वांत उंच तेवढेच. उंची सुमारे ४६ मीटर.

पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या आगेमागे इथे यावे. जांभ्यावर शेवाळ अजून हिरवे असते आणि आकाश धुतलेले असते. मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून आत पाहिले की चर्चचा पूर्ण आराखडा जमिनीवर नकाशासारखा पसरलेला दिसतो. मधले लांबट सभागृह, दोन्ही बाजूंची उपासनाकक्षे, टोकाला मुख्य वेदीची जागा, आणि पलीकडे मठाच्या खोल्यांचे जोते. छत नाही. पायाखाली थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर घराण्यांची मानचिन्हे आणि पोर्तुगीज अक्षरे. काही भिंतींवर रंगीत चिनीमातीच्या फरश्या अजून चिकटून आहेत. त्यांना पोर्तुगीज ‘आझुलेजो’ म्हणतात. निळ्या-पिवळ्या नक्षीच्या या फरश्या चार शतकांचे ऊनपाऊस खाऊनही फिक्या पडलेल्या नाहीत, आणि शेजारचा जांभा मात्र बोटाने उकरला तरी भुगा होतो.

हे चर्च पडले कसे, हे समजून घ्यायला तो जांभाच उपयोगी पडतो. ऑगस्टिनियन पंथाचे साधू १५७२ मध्ये गोव्यात आले. आज जिचे अवशेष दिसतात ती भव्य वास्तू १६०२ च्या सुमारास पुरी झाली. जांभा हा कोकणातला सोयीचा दगड. खाणीतून काढताना मऊ, हवेत राहिल्यावर कठीण होणारा. पण तो सच्छिद्र असतो, पाणी पितो. म्हणून गोव्यातल्या सगळ्या चर्चवर चुन्याचा गिलावा असे आणि तो वेळोवेळी नव्याने द्यावा लागे. आपल्याकडची जांभ्याची घरे ज्यांनी राखली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. गिलावा गेला की पाणी भिंतीत शिरते, झाडांची मुळे त्यामागून येतात, आणि वर कमानदार छताचा भार असेल तर निकाल ठरलेला.

पोर्तुगालने १८३४ मध्ये धार्मिक पंथांचे मठ बंद केले. गोव्यात त्याची अंमलबजावणी १८३५ मध्ये झाली. साधूंना जावे लागले, वास्तू बेवारस झाली. अवघ्या सात वर्षांत, १८४२ मध्ये, छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला, १९३८ मध्ये आणखी काही. शत्रूने तोफा लावून हे पाडलेले नाही. दुरुस्ती करणारे हात निघून गेले, बाकीचे काम पावसाने केले. मनोऱ्यातली घंटा तेवढी आधीच हलवली होती. ती काही काळ आग्वादच्या दीपगृहात होती आणि १८७१ मध्ये पणजीच्या पायऱ्यांवरच्या चर्चमध्ये आली. पणजीत आजही तीच वाजते. जुने गोवे पाहायला वेळ नसलेल्यांनी निदान ती ऐकावी.

आता मूळ विषयाकडे येतो. या मठात एका राणीची हाडे ठेवली होती, ती सापडली का, आणि सापडली म्हणजे नेमके काय झाले?

केतेवान ही जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी, राजा तेइमुराझ पहिला याची आई. इराणचा शाह अब्बास पहिला काखेतीवर चालून येणार, तेव्हा १६१४ मध्ये ती वाटाघाटीसाठी त्याच्याकडे गेली. ती परत आली नाही. शिराझमध्ये तिला दहा वर्षे अडकवून ठेवले. धर्म बदलायला तिने नकार दिला, आणि सप्टेंबर १६२४ मध्ये तापलेल्या लोखंडी चिमट्यांनी तिचे हाल करून तिला मारण्यात आले. मुलगा राजा होता तसा कवीही होता. त्याने पुढच्याच वर्षी आईच्या मृत्यूवर जॉर्जियन भाषेत काव्य रचले. याच शतकात जर्मन नाटककार आंद्रेआस ग्रिफियस याने तिच्यावर शोकनाट्य लिहिले. तिची कथा युरोपभर अशी पसरायला एक कारण होते. त्या वेळी शिराझमध्ये पोर्तुगीज ऑगस्टिनियन साधू होते, आणि त्यांचे मोठे केंद्र होते गोवा.

त्यांनी तिचे दफन केलेले अवशेष गुपचूप उकरून काढले. १६२७ मध्ये दोघा साधूंनी त्यांतले काही गोव्याला आणले. काही पुढच्या वर्षी जॉर्जियात, तिच्या मुलाकडे पोचवले. यात भक्ती होती, यात शंका नाही, पण हिशेबही होता. आईच्या अस्थी घेऊन येणाऱ्याला राजा दारातून परत पाठवणार नाही, हे त्यांना कळत होते, आणि जॉर्जियात त्यांना धर्मप्रसाराचे ठाणे हवे होते. ते त्यांना गोरीमध्ये मिळालेही. केतेवान स्वतः ऑर्थोडॉक्स पंथाची, हे साधू रोमन कॅथलिक. तरी लिस्बनच्या ग्रासा मठात आझुलेजो फरश्यांवर तिच्या हौतात्म्याचे चित्र आहे. मेलेल्या माणसावर मालकी सांगण्याची घाई सगळ्याच धर्मांत सारखी असते.

मोन्त सांतुवरच्या मठात तिचे अवशेष कुठे ठेवले याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत होती: साधूंच्या सभाकक्षात, दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत. पत्ता इतका नेमका. अडचण अशी की खिडकीच नव्हती. छत आणि भिंती पडल्यावर ‘दुसरी खिडकी’ म्हणजे मलब्याच्या ढिगातला नेमका कोणता दगड? १९८० च्या दशकाच्या शेवटी जॉर्जियातून अभ्यासकांची पथके येऊ लागली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मलबा उपसून आधी वास्तूचा आराखडा निश्चित केला, सभाकक्ष कुठला ते ठरवले, मग शोध घेतला. २००४ मध्ये हाताचे एक हाड मिळाले.

मठात अनेक दफने आहेत. हाड सापडणे सोपे, ते कोणाचे हे सांगणे कठीण. इथे हैदराबादची सीसीएमबी ही संस्था आली. पेशीच्या केंद्रातला डीएनए जुन्या हाडात बहुधा उरत नाही, त्यातून कोकणातल्या ओल्या, आम्ल मातीत तर नाहीच. पण पेशीत आणखी एक, मायटोकॉन्ड्रियातला डीएनए असतो. त्याच्या प्रती शेकड्यांनी असतात, म्हणून एखादी तग धरते. तो फक्त आईकडून येतो, त्यामुळे त्यावरून मातृवंश कळतो. या हाडातला मातृवंश ‘यू१बी’ या गटातला निघाला. संस्थेकडच्या बावीस हजारांहून अधिक भारतीय नमुन्यांत तो एकदाही आढळला नव्हता. जॉर्जियातल्या ३० जणांचे नमुने तपासले, त्यांत दोघांमध्ये तो होता. त्याच उत्खननातल्या दुसऱ्या दोन अवशेषांचे मातृवंश मात्र भारतीय उपखंडातलेच होते.

बातम्यांत यावर ‘राणी सापडली’ असे मथळे आले. संशोधकांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकात ‘बहुधा’ हा शब्द ठेवला होता, आणि तो शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. मातृवंशावरून माणसाचे नाव कळत नाही. यू१बी जॉर्जियाच्या आसपासच्या प्रदेशातही आढळतो, आणि गोवा त्या काळी आर्मेनियन, इराणी, युरोपीय अशा सगळ्यांचे बंदर होते. नुसता डीएनए पुरावा म्हणून उभा राहिला नसता. कागदातला पत्ता, उत्खननातली जागा आणि हाडातला वंश हे तिन्ही एकमेकांशी जुळतात म्हणून निष्कर्षाला वजन येते. त्यातला एक काढला तर बाकीचे दोन लंगडे पडतात. आपल्याकडे इतिहासाचे वाद एका बखरीच्या किंवा एका ताम्रपटाच्या जोरावर हमरीतुमरीला येतात, तेव्हा या हाडाची मला आठवण होते.

जॉर्जियासाठी हा प्रश्न शास्त्रापुरता नव्हताच. तिथे केतेवान संत आहे. २०१७ मध्ये भारताने हा अवशेष दर्शनासाठी काही काळ तिकडे पाठवला. पुढे जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसीमध्ये त्याचा एक भाग जॉर्जियाला कायमचा दिला, एक भाग भारतात ठेवला. म्हणजे साधूंनी १६२७ मध्ये केले तेच पुन्हा झाले, वाटणी. या वेळी ते मागून आणि देऊन झाले, एवढा फरक.

अवशेषांवरून फिरताना ही जागा शोधायची असेल तर मनोऱ्याकडे पाठ करून मठाच्या बाजूला जावे. फारशी गर्दी नसते. सभाकक्षाच्या भिंती कंबरेएवढ्या असतील नसतील. बहुतेक पर्यटक मनोऱ्यापाशी छायाचित्रे काढतात आणि वळतात.

परतताना मात्र लगेच खाली उतरू नये. त्याच टेकडीच्या कडेला रोझरी माउलीचे लहानसे, पांढरे, किल्ल्यासारखे चर्च आहे. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकर्कने आदिलशाहीकडून हे शहर जिंकले, त्या लढाईची आठवण त्या जागेशी जोडलेली आहे. ते चर्च ऑगस्टिनच्या चर्चहून जुने आहे, आणि उभे आहे, कारण त्याला गिलावा मिळत राहिला. त्याच्या आवारातून खाली मांडवी दिसते, आणि पलीकडे दिवाडी बेटावरची फेरी जाताना दिसते.