गोंडांचे सल्लागार

आमचा राजुरा तालुका १९५६ पूर्वीं निजामी राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे, हें पुष्कळ वर्गबंधूंस ठाऊक नसेल. त्या जिल्ह्यांत १९४० सालीं जोडेघाट येथें कुमराम भीम पोलिसांच्या गोळीस बळी पडला. त्यानंतर गोंडांची स्थिति पाहण्याचें काम निजाम सरकारनें व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ यांजकडे सोपविलें. कचेरींत न बसतां त्यांनीं मार्लवाई गांवीं बिऱ्हाड केलें. जंगल राखीव करतांना कसणारा हुसकला गेला, पट्टा परक्याच्या नांवें झाला. म्हणून त्यांचा पहिला सल्ला जमिनीचा. १९४३ सालीं तेथेंच गोंड शिक्षक तयार करण्याचें केंद्र निघालें. पुस्तकें गोंडी, लिपि मात्र देवनागरी. कारण जे थोडे गोंड साक्षर होते ते मराठी शिकलेले! आम्हांस ही युक्ति फार आवडली. हायमेंडॉर्फ यांच्या पत्नी १९८७ सालीं वारल्या. त्यांची समाधि मार्लवाईसच आहे.