खिशातली डार्करूम (भाग ५) : आधी फोटो, मग कोलाज

मागच्या भागात खिडकीचा उजेड आणि कॅमेऱ्यातल्या जाळीरेषा पाहिल्या. पण सगळेच फोटो खिडकीशी बसून निवांत काढता येत नाहीत. दिवाळीच्या तोंडावर घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांचंच बघा. तळण संपायला रात्रीचे दहा वाजतात, ओट्यावरच ताट मांडलं जातं, पिवळ्या बल्बखाली फोटो निघतो आणि ‘ऑर्डर स्वीकारल्या जातील’ म्हणून तसाच स्टेटसला चढतो. त्यात चकली तपकिरी, शंकरपाळी तपकिरी आणि करंजीसुद्धा बेसनाच्या रंगाची. माल उत्तम असतो, मार फोटोत बसतो. आजचा भाग या ताटासाठी.

या कामाला मी स्नॅपसीड सुचवतो. फुकट आहे, मध्येच जाहिराती येत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. हे ॲप निक सॉफ्टवेअर या कंपनीने २०११ मध्ये आयपॅडसाठी आणलं, तेव्हा ते विकत घ्यावं लागे. २०१२ च्या एप्रिलमध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम एक अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं आणि मोबाइल फोटोंच्या धंद्यात चुरस पेटली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलने निक सॉफ्टवेअर खरेदी केली. डिसेंबरमध्ये स्नॅपसीड अँड्रॉइडवर आलं, तेही मोफत. पुढे २०१७ मध्ये गूगलने निकची संगणकावरची सॉफ्टवेअरं दुसऱ्या कंपनीला विकली, स्नॅपसीड मात्र स्वतःकडे ठेवलं. मधली काही वर्षं ते जवळपास विसरल्यासारखं पडून होतं. २०२५ मध्ये आयफोनवर त्याला नवं रूप मिळालं, त्यामुळे तुमच्या फोनवर बटणांच्या जागा थोड्या इकडेतिकडे दिसतील. अवजारं तीच आहेत.

आता ताट उघडा. पहिलं काम रंगाचं. ‘व्हाइट बॅलन्स’मध्ये ड्रॉपरचं चिन्ह आहे. ते निवडून फोटोतली अशी जागा दाखवायची, जी प्रत्यक्षात पांढरी किंवा राखाडी आहे : चिनी मातीच्या बशीचा काठ, खालचा पांढरा रुमाल. ‘हे पांढरं आहे’ एवढं कळलं की ॲप बाकीचे रंग त्या हिशेबाने हलवतं आणि पिवळा ओघळ उतरतो. स्टीलच्या ताटाच्या भरवशावर राहू नका. त्यात बल्बच दिसत असतो. आणि पिवळेपणा पूर्ण घालवायच्या फंदातही पडू नका. खाण्याचा पदार्थ निळसर दिसला की भूक मरते, थोडी ऊब राहू द्या.

मग ‘ट्यून इमेज’. बोट उभं सरकवलं की यादी दिसते, आडवं सरकवलं की कमीजास्त होतं. ही सवय जडली की निम्मं ॲप आलं. नवशिके थेट ‘ब्राइटनेस’ वाढवतात आणि ताटाचा काठ पांढराफटक करून ठेवतात. त्याऐवजी ‘शॅडोज’ थोडे वर आणि ‘हायलाइट्स’ थोडे खाली घ्या, अंधारातली शेव दिसू लागते आणि चमकणारा काठ शांत होतो.

या ॲपची खरी करामत ‘सिलेक्टिव्ह’मध्ये आहे. समजा करंजी तेवढी काळपट राहिली आहे. करंजीवर बोट टेकवा, तिथे एक टिंब येतं. दोन बोटांनी चिमटा केला की टिंबाभोवतीचं वर्तुळ लहानमोठं होतं. आता उजेड वाढवला, तर वर्तुळातलं सगळंच उजळत नाही. टिंबाखाली जो रंग आहे, त्याच्या जवळचे रंग तेवढे बदलतात, शेजारची चकली होती तशीच राहते. कात्री लावून करंजी वेगळी काढायची गरज नाही. ही युक्ती निकवाल्यांनी मोबाइलच्या आधीच, निकॉन कॅमेऱ्यांबरोबरच्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरली होती. फोटोशॉपमध्ये हेच करायला पूर्वी बराच घाम गाळावा लागे.

ओट्यावर सांडलेलं पीठ, मागे डोकावणारी फोडणीची पळी ‘हीलिंग’ने जाते. त्यासाठी फोटो आधी मोठा करून घ्या, म्हणजे बोट नेमकं फिरतं. ‘डिटेल्स’मधलं ‘स्ट्रक्चर’ जपून वापरा. दहा-पंधरापर्यंत चकलीचे काटे सुरेख उठतात, पन्नासला तीच चकली सिमेंटची वाटते. ‘ड्रामा’ आणि ‘एचडीआर स्केप’ यांच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : गडकिल्ल्यांवरच्या ढगांना ठीक, जेवणाला आणि आजीच्या चेहऱ्याला नको. हात थांबवायचा कधी, हे कळत नसेल तर फोटोवर बोट दाबून धरा. मूळ फोटो दिसतो आणि आपण कुठवर वाहवत आलो ते समजतं. ‘व्ह्यू एडिट्स’मधून एखादी पायरी मागे जाऊन काढूनही टाकता येते.

कोलाज मात्र स्नॅपसीडमध्ये होत नाही. त्यासाठी बहुतेक अँड्रॉइड फोनवर आधीच असलेलं गूगल फोटोज पुरतं : दोन ते सहा फोटो निवडायचे, ‘कोलाज’ म्हणायचं, मांडणी ठरवायची. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून शीर्षकातच घातला. प्रत्येक फोटो आधी नीट करा आणि मग एकत्र आणा. एक निळा, एक पिवळा, एक अंधारा असे तीन फोटो शेजारी आले की दोष एकमेकांना उघडे पाडतात. फराळासाठी मी एक मोठा आणि दोन छोटे घेईन : मोठ्यात पूर्ण ताट, छोट्यांत चकली जवळून आणि पॅकिंगचा डबा. लग्नाचे वीस-वीस फोटो एका चौकटीत कोंबलेले बघितले की वरात कळते, माणसं कळत नाहीत. छापायचं असेल तर हिशेब सोपा आहे. चार बाय सहा इंचाच्या चांगल्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. त्यात सहा फोटो बसवले तर प्रत्येकाला जेमतेम दोन इंचांचा चौकोन मिळतो, आणि ग्रुप फोटोतला चेहरा मोहरीएवढा होतो.

दर आणि फोन नंबर कोलाजवर लिहायचा तर कॅनव्हा बरं. त्याच्या मोफत भागात देवनागरी अक्षरं आहेत. मुंबईच्या एक टाइप या गटाने घडवलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मुळातच सगळ्यांना खुले आहेत आणि लहान आकारातही मुक्ता छान वाचता येतो. अक्षरं पदार्थावर नकोत, रिकाम्या जागेत लिहा.

पिक्सआर्टमध्ये कोलाज, स्टिकर, अक्षरं सगळं एकाच जागी मिळतं, पण मोफत वापरताना जाहिराती आणि पैसे भरायची आमंत्रणं सोसावी लागतात. ते एक वेळ चालेल. फोटो सुधारणाऱ्या ॲपने तुमचे कॉन्टॅक्ट किंवा लोकेशन मागितलं, तर मात्र सरळ नकार द्या, त्या कामाला ते लागत नाही. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात मेइतू, ब्यूटीप्लस आणि कॅमस्कॅनर होती. प्ले स्टोअरच्या बाहेरून कुणी त्यांच्या फाइली पाठवल्या तर फोनमध्ये घेऊ नका.

शेवटचं, पाठवण्याचं. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करतं. २०२३ पासून तिथे ‘एचडी’चा पर्याय आहे, तो निवडा. छापखान्याला किंवा स्टुडिओला द्यायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचते.

पुढच्या आठवड्यात जुन्या, डाग पडलेल्या कृष्णधवल फोटोंची मोबाइलवर प्रत कशी घ्यायची ते पाहू. तोपर्यंत अल्बममधला एखादा फोटो चिकट कागदातून हळूच सोडवून ठेवा. ओढू नका, फाटतो.